बुडबुडे सर

मोठ्या माणसांबद्दल लिहावं ते लिहिणाऱ्यांनी. माझ्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही, आणि सरांचं गणित मला पुरतं कधी कळलंही नाही. तरी लिहितो आहे. चुकलं तर सर नुसते हसले असते, एवढाच आधार.

सोलापूरच्या आमच्या कॉलेजात ते गणित शिकवायचे. तास सुरू झाला की टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासात खडू सोडायचे. खडूतून बारीक बुडबुडे वर येत. "बघा, हवा बाहेर पडते तेव्हाच पाणी आत शिरतं. वाट एकच आणि चालणारे दोघं. पाण्याचं गणित मांडताना आधी हवेला विचारा." म्हणून पोरांनी नाव ठेवलं, बुडबुडे सर. मूळचे अक्कलकोटकडचे, रंगात आले की आकडे कानडीत मोजायचे.

जमिनीतून पाणी आणि हवा एकमेकांना रेटत कशी सरकतात, हे त्यांना आकड्यांत पकडायचं होतं. पुण्याच्या एका संस्थेत संगणक होता. यंत्राला गणित वाचता यावं म्हणून भोकं पाडलेल्या कार्डांची पेटी मांडीवर घेऊन सर रेल्वेने गेले आणि तशीच घेऊन परत आले. एक कार्ड उलटं लागलं होतं, यंत्राने सगळंच नाकारलं. पुढची पाळी कधी मिळेल ते कुणी सांगेना. "यंत्र नाही तर नाही," सर म्हणाले, "तुम्ही आहात की." त्या रविवारी वर्गातला एकेक बाक म्हणजे जमिनीचा एकेक चौकोन झाला. पुढच्याने पाणी किती दिलं ते ऐकायचं, आपल्यातली हवा किती सुटली ते काढायचं, आणि मागच्याला किती जाईल ते सांगायचं. मी हवा धरायलाच विसरलो आणि माझ्या चौकोनात मावेल त्याहून जास्त पाणी निघालं. सर म्हणाले, "अरे, तुझ्या जमिनीत जमीनच उरली नाही. पोहता येतं का?"

ते चौकोन आमच्याच गावचे होते. मोहोळजवळच्या आमच्या गावात दुष्काळी कामावर पाझर तलाव बांधला होता. पावसाने तो भरला, पण खालची गावविहीर कोरडीच राहिली. बांध फोडून पाणी चराने शेतात न्यावं, असं गावात ठरत आलं होतं. हे मी आधीच भीतभीत सरांना सांगितलं होतं, आणि रविवारचा हिशेब झाल्यावर ते माझ्याबरोबर एसटीने गावी आले. पारावर चहाच्या ग्लासात पाणी मागवून त्यांनी खडू सोडला.

"खडू भिजवून हीर भरती व्हय, मास्तर?" माझे चुलते, तात्या, म्हणाले. लोक हसले. सरही हसले.

"नाही भरत. पण उशीर का होतो ते कळतं. मधली माती वाळून हवेने भरलीय. ती हवा सुटेपर्यंत पाणी वाटेत अडणार. आमचं गणित म्हणतं, गुढीपाडव्याच्या आत विहिरीला पाझर लागेल."

"आन् न्हाय लागला तर?"

"तर माझं गणित चुकलं. पण आज बांध फोडलात तर ते चुकलं होतं की बरोबर, हे कुणालाच कळणार नाही. आणि विहीर तेवढी कोरडी राहील."

तात्यांनी वाकून ग्लासातला खडू पाहिला. मग म्हणाले, "पाडव्यापतूर थांबू. त्याच्या फुडं मातर तुमचा खडू न् आमची कुदळ."

संक्रांत गेली. वर्गात शिरताना सर मला फक्त "काय?" विचारायचे आणि मी नकाराची मान हलवायचो. शिवरात्रीनंतर ते आजारी पडले. दवाखान्यात भेटायला गेलो तेव्हाही तेच, "काय?" मान हलवताना माझी नजर खाली गेली. ते म्हणाले, "खाली काय बघतोस? हवा निघतेय अजून, एवढंच."

त्याच आठवड्यात सर गेले. गावात हे कळल्यावर काहींनी कुदळी बाहेर काढल्या होत्या, असं मागाहून समजलं. तात्याच आडवे आले होते. "मास्तर गेला म्हून शब्द गेला व्हय?"

होळी झाल्यावर एका सकाळी तात्या वसतिगृहाच्या दारात उभे. हातात फडक्यात बांधलेली भाकरी. बसा म्हटलं तर बसले नाहीत.

"हिरीला पाझर लागला," ते म्हणाले. "आदी तळाच्या चिखलात नुसतं बुडबुडंच येत हुतं. मी बांधाला कुनाला हात लावू दिला न्हाय. मग पानी आलं."

भाकरी माझ्या हातात देत म्हणाले, "तुज्या मास्तरला सांगायचं ऱ्हायलं की रं."