रांगेतला पहिला जोड

शैलजाताईंच्या घराला मी तोंडावर जुना बाजार म्हणते आणि त्या हसतात. इथे आयसेलिन गावातल्या त्यांच्या गराजमध्ये गाडीला जागाच नाही. बेलबॉटम, टेरिलीनचे शर्ट, नायलॉनच्या साड्या, सफारी सूट, कुणाकुणाचे अमेरिकेत उतरतानाचे बूट, सगळं डांबराच्या गोळ्यांच्या वासात नीट मांडलेलं. आपल्याच लोकांनी टाकायला काढलेलं त्या मागून आणतात. स्वतःची मात्र एक चप्पलही त्यात ठेवलेली नाही. हल्ली पोरं येऊन फोटो काढतात. माझी अनया तर एका साडीला म्हणाली, "मावशी, धिस इज सो व्हिंटेज, कॅन आय बॉरो इट?" माझीच साडी ती. माझ्या कपाटात होती तेव्हा कार्टीने ढुंकून पाहिलं नव्हतं.

अरुणरावांच्या काळ्या बुटांना मात्र कुणी हात लावायचा नाही. काही वर्षांपूर्वी शैलजाताईंचे हे यजमान गराजसमोरच्या उतारावर बर्फावरून घसरले, डोक्याला मार लागला आणि गेले. तेव्हापासून हिवाळाभर ताई त्या उतारावर पाऊल ठेवत नाहीत, पुढच्या दाराने जातात. घरी काही कार्य असलं की पाहुणे चपला-बूट गराजमध्ये काढतात, आणि त्या रांगेत पहिला जोड ताई अरुणरावांचा ठेवतात. घरधनी घरात आहे, असं. मला ते कधी पटलं नाही, पण बोलणार कोण?

यंदा संक्रांतीच्या तिळगुळाला अरुणरावांचे जुने मित्र गिरीशकाका आले होते. वय ऐंशीच्या घरात, मागच्याच वर्षी खुब्याचं ऑपरेशन झालेलं. उजेड आहे तोवर ड्राइव्ह करून घरी पोचायचं म्हणून ते लवकर उठले. लगेच मागोमाग मी आणि ताई खुर्च्या आणायला गराजमध्ये गेलो. काकांचे काळे बूट रांगेत तसेच होते. पहिली जागा रिकामी होती.

"रेखा," ताई म्हणाल्या, आणि त्यांनी खाली बोट दाखवलं.

फरशीवर दारापर्यंत काळा भुगा सांडला होता. जुन्या बुटांचे तळ वरून धड दिसतात, पण आतून कुजलेले असतात. पायात घातले की शिळ्या भाकरीसारखे त्यांचे तुकडे पडतात, हे ताईंनीच मला दाखवलं होतं. बाहेर दुपारी वितळलेलं पाणी पुन्हा गोठत होतं.

ताईंचा चेहरा पांढराफटक पडला. "भाऊजी पडतील गं," एवढंच म्हणत राहिल्या. मी घाबरून माझे बूट शोधायला लागले. ढिगात एक मिळाला, दुसरा मिळेना. मान वर केली तर ताई अनवाणी उतारावर.

खाली गिरीशकाका मेलबॉक्सच्या खांबाला मिठी मारून उभे होते. एका बुटाचा तळ सुटून मागे बर्फावर पडला होता आणि त्यांचे पाय लटपटत होते. "वहिनी, येऊ नका, स्लिप व्हाल," ते कसेबसे म्हणाले. ताई मटकन खाली बसल्या. मला वाटलं, संपलं. पण त्या काळ्या साडीनिशी बसल्या बसल्या घसरत काकांपर्यंत गेल्या आणि त्यांचे दोन्ही पाय घट्ट धरून बसल्या. बाकीचे बर्फ वितळावा म्हणून मीठ टाकत खाली येईपर्यंत त्यांनी पकड सोडली नाही.

काकांना काही झालं नाही. घरात आल्यावर मी ताईंचे लालबुंद पाय टॉवेलने चोळत होते. भीती ओसरली तसा मला राग आला.

"अहो, निदान स्लिपर तरी सरकवायच्या पायात. काही झालं असतं म्हणजे? आणि ते बुटांचे तुकडे मी उद्या गोळा करते."

"झाडून टाक," त्या म्हणाल्या. मग त्यांनी टॉवेल माझ्या हातातून काढून घेतला. "हे पडले तेव्हा हाका मारत होते. मी आत बूट घालत बसले होते, रेखा. लेस बांधत होते."