कस्तुरीताईंच्या फुफ्फुसाची फेरतपासणी

कस्तुरीताई निरगुडकरांचा निम्मा जन्म विमानाचे सुटे भाग नापास करण्यात गेला. बंगळूरच्या सरकारी कारखान्यात त्या तपासनीस होत्या. चीर दिसली नाही, तरी ती असणारच असं धरून त्या शोधायला बसत.

नोकरीत असतानाच त्यांना फुफ्फुसाचा कॅन्सर निघाला. क्वचितच आढळणारा, आणि कळेपर्यंत मेंदूत पोचलेला. डॉक्टरांनी मेंदूतली गाठ काढली, जहाल औषधं दिली, डावं फुफ्फुस अख्खं काढलं, वर किरणही दिले. आवाज बसला तो बसलाच. पण ताई जगल्या. निवृत्त होऊन येलहंक्याला राहायला आल्या, त्यालाही काही वर्षं झाली.

एकदा शेजारच्या धनलक्ष्मी कपडे वाळत घालता घालता म्हणाल्या, "अक्का, तसला कॅन्सर होऊन कुणी वाचतं होय? माझा मामा सहा महिन्यांत गेला. तुम्हाला नक्की तेच होतं ना?"

ताईंच्या डोक्यात किडा शिरला. मुळात कॅन्सर नव्हताच, तर? जिना चढताना दम लागला की वाटे, चांगलं फुफ्फुस उगाच कापून नेलं. शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर परदेशी निघून गेले होते, तेही आता संशयास्पद वाटू लागलं. आणि अजितराव! त्या दिवसांचा विषय निघाला, की ते उठून झाडांना पाणी घालायला जात. नवऱ्याला काहीतरी ठाऊक होतं, नक्कीच.

ताईंच्या गाठीचे तुकडे रुग्णालयाने मेणात जपून ठेवले होते. ताईंनी ते मागून घेतले आणि घरी न सांगता जे. पी. नगरला गाठींची तपासणी करणाऱ्या डॉ. हयवदन राव यांच्याकडे नेऊन दिले. "काय निघतं ते बघा," एवढंच म्हणाल्या.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरांनी बोलावलं.

"कॅन्सरची फार वाईट जात आहे ही. या तुमच्या कोण? कधी गेल्या?"

"मीच ती. आजाराला दहा वर्षं होऊन गेली."

डॉक्टरांनी चष्मा काढून त्यांना न्याहाळलं. "मग हा तुकडा तुमचा नसावा. अदलाबदल झाली असेल कुठेतरी."

हेच तर ऐकायला त्या आल्या होत्या. पण लगेच दुसरा विचार आला. अदलाबदल झाली असेल, तर ही गाठ दुसऱ्याच कुणा बाईची. तिला काही नाही म्हणून घरी पाठवलं असेल. कुठे असेल ती?

डॉक्टर म्हणाले, "सरी, ठीक आहे, तुमच्या रक्ताशी जुळवून बघू."

निकाल येईपर्यंत ती अनोळखी बाई ताईंच्या डोळ्यांसमोरून हलेना. शेवटी त्यांनी अजितरावांना सगळं सांगितलं. निकालाच्या दिवशी तेही बरोबर आले.

तुकडा ताईंचाच होता. आजारही तोच.

"माझी शंका चुकली. तुम्ही का वाचलात, ते मला सांगता यायचं नाही," डॉक्टर म्हणाले. "विद्यार्थ्यांना दाखवू का हे?"

"दाखवा. पण बाई स्वतः चालत आली होती, हेही सांगा," म्हणताना ताईंना रडू फुटलं. दुसरी कुणी बाई नव्हतीच!

परतीच्या टॅक्सीत अजितरावांनी ताईंचा हात हातात घेतला. "तेव्हा डॉक्टरांनी मला सांगितलं होतं, तू उन्हाळा काढणार नाहीस. तुला सांगवलं नाही. मग तू बरी झालीस. त्यानंतर कुठल्या तोंडाने सांगणार होतो?"

ताईंनी हात काढून घेतला. हेब्बाळच्या पुलावर गाड्या तुंबल्या होत्या.

"म्हणजे तुम्ही दडवत होता, एवढं तरी माझं बरोबर निघालं." मग डोळे पुसून विचारलं, "आणखी काय काय लपवलंय?"

"काही नाही गं."

ताईंनी त्यांच्याकडे नीट निरखून पाहिलं. त्यांना काही ते पटलं नाही.