भिवाची पाठ आणि मंजुळेचं तोंड

भिवा परबाच्या छातीत पाणी भरलं होतं आणि दोनदा सुई घालूनही ते निघालं नव्हतं. परळच्या त्या हॉस्पिटलात अख्ख्या वॉर्डानं ठरवून टाकलं, म्हातारा हट्टी आहे. सुई आली की मागे वळतो! असाच वळला आणि सुई फुप्फुसात घुसली, म्हणजे? बिचाऱ्याला आडवं होता येईना. बसल्या बसल्या तोंड उघडून श्वास ओढायचा. बायको, मंजुळा, रात्रभर त्याची पाठ चोळत बसायची.

आता हट्टी म्हणाल, तर गिरण्यांच्या संपात केला होता त्यानं हट्ट, नाही असं नाही. गिरणी कायमची गेली, तरी डिलाईल रोडची खोली सोडून गावी गेला नाही. पण सुईला वळणारा गडी नव्हे तो.

तिसऱ्या खेपेला नवी डॉक्टरीण आली, सोनोग्राफीचं मशीन ढकलत. भिवा खेकसला, "ह्या कित्याक? माका काय दिवस गेलेत?" वॉर्ड हसला, तीही हसली. मग त्याला टेबलावर हात ठेवून ओणवं बसवून तिनं पाठीवर मशीन टेकवलं आणि मंजुळेला पडदा दाखवला.

"आजी, हे काळं म्हणजे पाणी. पांढरं हलतंय ते फुप्फुस. सुई कुठे चाललीय ते मला दिसणार आहे. फक्त आजोबांनी हलायचं नाही." आणि त्याच्या पाठीमागून मोठ्यानं म्हणाली, "आजोबा, टोचते हं!"

की भिवा वळलाच! तिनं हात झटकन मागे घेतला म्हणून बरं. "असं केलंत तर मला नाही जमणार हो," ती म्हणाली.

तेव्हा कुठे मंजुळेच्या डोक्यात उजेड पडला. अगं बाई! हट्ट कसला मेला! तरणेपण गिरणीच्या साचाखात्यात गेलं त्याचं. मागांच्या धडधडाटात कान गेले, नुसता आवाज कळे, शब्द नाही, आणि तिथल्या सगळ्यांसारखा हाही ओठ बघून बोलणं समजायला शिकला. मागून कुणी बोललं की तोंड बघायला वळणारच ना! घरात मंजुळा त्याच्याशी आवाज न काढता भांडायची, तेही सासूच्या देखत. इतकी अंगवळणी पडलेली गोष्ट, ती डॉक्टरांना सांगायची असते हे सुचणार कुणाला?

ती टेबलापलीकडे त्याच्या तोंडासमोर जाऊन बसली. "बाई, तुम्ही मला सांगा, मी त्यांना सांगते."

मागून डॉक्टरीण बोले, पुढे मंजुळेचे ओठ हलत. आता टोचतली हां. हलाचा नाय. श्वास धरा. सोडा. मध्येच भिवाचे ओठ हलले, "भियालंय गो." गिरणी गेली तेव्हाही हे त्याच्या तोंडून निघालं नव्हतं. मंजुळेला रडू फुटत होतं, पण ओठ वाकडे झाले तर त्याला कळणार कसं? तिनं नीट, सावकाश सांगितलं, "मी आसंय." भिवा तसूभर हलला नाही.

पिवळसर पाणी नळीतून बाटलीत उतरलं. दुपारी भिवा आडवा झाला आणि घोरायला लागला. त्या घोरण्याला जन्मभर शिव्या घातलेल्या मंजुळेनं आज ते पोटभर ऐकलं.

संध्याकाळी डॉक्टरीण परत आली. "आजी, कानांचंही बघूया आता. मशीन लावलं की छान ऐकू येईल त्यांना."

"नको गो बाये," मंजुळा म्हणाली. "ऐकू यायला लागलं, तर माझ्या तोंडाकडे बघतील कशाला?"