भिंतीपलीकडचं भांडण

माझ्या चष्म्याच्या दुकानाला लागून बॅगा दुरुस्त करणाऱ्या मावशींचं दुकान आहे. मधे नुसती फळ्यांची भिंत, त्यामुळे माझ्याकडे गिऱ्हाईक असो वा नसो, कानावर मावशींचं आणि त्यांच्या नवऱ्याचं, काकांचं भांडण असायचंच. काका कापायचे, मावशी शिवायच्या. काका शिलाईला ऐसपैस जागा सोडायचे. रेक्झीन काय फुकट येतं, असं मावशी करवादायच्या. मावशी घाई करायला लागल्या की, घाई कसली, बॅग काय पळून चालली आहे, असं काका म्हणायचे. दिवसभर हेच.

काका गेले, पण भांडण थांबलं नाही. कात्री मावशींच्या हातात आली. "अहो, किती सोडू?" असं त्या मोठ्याने विचारायच्या, जरा थांबायच्या आणि उत्तर आल्यासारख्या फणकारायच्या. बाईंच्या डोक्यावर परिणाम झालाय, असं लोक म्हणत. मला तसं वाटलं नाही. जिवंत नवऱ्याशी इतकं बोलणाऱ्या बायका मी फार पाहिलेल्या नाहीत.

यंदा मावशींच्या मुलाचं लग्न झालं, सून दुकानात यायला लागली आणि काकांचं उत्तर येईनासं झालं. मावशींनीच मला सांगितलं. तेव्हापासून त्यांचा पाय एका जागी ठरेना. मशीन खिडकीशी नेलं, परत जागेवर आणलं. काकांचं स्टूल पुसून पाहिलं, त्यावर बसून पाहिलं. हातातलं काम अर्धवट टाकून माझ्याकडे यायच्या आणि ते कसं बोलायचे, आठवतं का, म्हणून विचारायच्या. मी काकांचा आवाज काढून दाखवला, तर मलाच झापलं. मला हसू येईना. माणूस गेल्याचं त्यांनी कसंबसं सोसलं होतं, आता तो दुसऱ्यांदा जात होता.

परवा दुपारी सून एका बॅगेचा खिसा कापत होती आणि मावशी तिच्या मागे येरझाऱ्या घालत होत्या. कात्री चालल्याचा आवाज आला, तशा त्या खेकसल्या, "घाई कसली? बॅग काय पळून चालली आहे? शिलाईला जागा सोड."

"रेक्झीन काय फुकट येतं?" सून म्हणाली.

माझा हात थांबला. काकांना या मुलीने कधी पाहिलंही नव्हतं. ती बोलली ते मावशींचं होतं, आणि मावशी बोलल्या ते काकांचं.

पलीकडे एकदम शांत झालं, म्हणून मी त्यांच्या दारात जाऊन पाहिलं. मावशी काकांच्या स्टुलावर बसल्या होत्या, तोंडावर हात धरून. सून बिचारी घाबरली होती. चुकलं आई, जागा सोडूनच कापते, असं म्हणत ती कात्री उचलायला लागली.

"कापशील गं," मावशी म्हणाल्या. "आधी भांड माझ्याशी. जरा वेळ भांड."