गच्च भरलेल्या मॅगझिनी

"बंद करा हे दुकान! शंभर गोळ्या भरल्या म्हणता आणि साठावरच बंदूक मुकी? पोरांनी काय तोंडानं ठो-ठो करायचं?"

दादासाहेब ओरडत होते. आमचे अध्यक्ष. त्यांचा आवाज असा, की तिकडं वडवणीच्या बाजारात विकायला बांधलेली जनावरं दावं तोडून आपापल्या घरी जातात. समोर बीडच्या पोलीस भरती अकॅडमीची वीस पोरं गॉगल लावून उभी. त्यांच्या मास्तरांनी शिट्टी खिशात टाकली. "सलग तिसरा रविवार झाला. दुरुस्त झालं तर कळवा," एवढंच बोलले आणि पोरांना घेऊन गेले.

तर आमची संस्था मच्छीमार सहकारी. तळ्यात मासा नव्हता, कारण तळ्यात पाणीच नव्हतं. त्या साली दुष्काळ असा पडला होता की कावळे टँकरमागं रांगेत उभे राहायचे आणि मध्ये घुसणाऱ्याला टोचून मागं पाठवायचे. मग सभासदांनी कोरड्या तळ्याच्या पोटातच एअरसॉफ्टचं ग्राउंड काढलं. मातीचे ढिगारे, गंजलेले पिंप, पालथ्या होड्या. लपायला जागा मुबलक. मी साखर कारखान्यातला रिटायर फिटर. मला बोलावून आर्मरर, म्हणजे बंदुका नीट राखणारा, केलं. हुद्दा ऐकायला जनरलचा, काम स्क्रूड्रायव्हरचं.

एअरसॉफ्टची बंदूक दिसते हुबेहूब खरी, पण सोडते वाटाण्याएवढी प्लॅस्टिकची गोळी, तीही हवेच्या जोरावर. डोळा सांभाळला तर बाकी चिमटा काढल्यासारखं. या गोळ्या जिच्यात भरतात ती मॅगझिन. माणसं बंदुकीला शिव्या देतात, पण दुखणं बहुतेक वेळा मॅगझिनमध्ये असतं.

तिच्या जाती आहेत. हायकॅपच्या पोटात मोकळा डबा. गोळ्या धान्यासारख्या ओतायच्या आणि बुडाचं चाक अंगठ्यानं फिरवत राहायचं. चाक गोळ्या वर ढकलतं. पण पळताना ती अशी खुळखुळते की लपलेला गडी स्वतःच आपला पत्ता सांगतो. मिडकॅपमध्ये नागमोडी वाट आणि त्या वाटेत लांब स्प्रिंग. गोळ्या दाबून भरायच्या. स्प्रिंग आवळत जाते आणि मग तीच गोळ्यांना वर रेटते. चाक नाही, खुळखुळ नाही. आमच्या चाळीसच्या चाळीस मिडकॅप. शिवाय पिस्तुलाच्या दोन गॅसवाल्या. त्यांच्या पोटात गोळ्याही आणि गॅसची टाकीही.

पोरं गेल्यावर दादासाहेब माझ्याकडं वळले. "फिटर, बुधवारच्या मीटिंगला रिपोर्ट पाहिजे. स्टोअरकीपरचा हलगर्जीपणा, असं लिही. सखरबाईला घरी बसवू. माझा भाचा तयार हाय."

"तपासल्याशिवाय लिहीत नसतो मी."

"तपास की बे! तुला कुणी अडवलंय? लिहायचं काय ते सांगितलंय फक्त."

सखरबाई आमच्या स्टोअरकीपर. गावात टँकर आला की पाइप त्यांच्याच हातात. खुद्द इंद्राची राणी हंडा घेऊन आली असती, तरी नंबर लावूनच परत गेली असती. एकेकाळी त्यांचं घर जाळ्यावर चालायचं. तळं आटलं आणि जाळं खुंटीला लागलं. आता चूल पेटायची ती या स्टोअरच्या पगारावर. दुसरी कमाई नव्हती. म्हणजे माझ्या एका ओळीवर ती चूल होती.

मी कामाला लागलो. पहिला संशय धुळीवर. आमच्या तळ्याची धूळ अशी, की शिंकलं तर ढेकूळ पडतं. सगळ्या मॅगझिनी पुसून, फुंकून काढल्या. फरक नाही. गोळ्या बदलल्या, घासून गुळगुळीत झालेल्या टाकून नव्या घेतल्या. फरक नाही. साठ सुटायच्या, मग गप्प. मग एक मॅगझिन उघडून स्प्रिंग बाहेर काढली आणि पाकीट न फोडलेल्या नव्या स्प्रिंगशेजारी ठेवली. चार बोटं आखूड! बिचारीनं मान टाकली होती. शेवटच्या गोळ्या वर रेटायला अंगात दमच नव्हता.

स्टोअरमध्ये गेलो. वर पत्रा, बाहेर वैशाख. आत अंडं ठेवलं असतं तर कोंबडी होऊन, म्हातारी होऊन मेली असती.

"सखरबाई, मॅगझिनी कधी भरता?"

"सांजच्याला. खेळ सरला की लगेच. गच्च."

"आणि रविवारपर्यंत तशाच?"

"मंग?"

"कावून पण? कशासाठी?"

"कावून म्हंजी? फिटरभाऊ, भांडं रिकामं ठेवत असत्यात काय? टँकर कवा येईल कुणी सांगावं!"

मी कपाळाला हात लावला. दुष्काळातली माणसं आम्ही. तांब्यासुद्धा रिकामा निजू देत नाही. पण स्प्रिंग आठ-आठ दिवस दाबून ठेवली, वरून त्या भट्टीत, तर ती स्वस्तातली स्प्रिंग उठायचंच विसरते.

"आणि त्या दोन गॅसवाल्या?"

"त्या मातर रोज फुसकन मोकळ्या करते. गॅस भरून ठेवायला मला काय येड लागलंय?"

म्हणजे बरोब्बर उलटं! गॅसवालीत थोडा गॅस ठेवावा लागतो, नाहीतर आतली रबरी रिंग वाळून गळायला लागते. मी सांगायला तोंड उघडलं, तर बाईंनी रजिस्टर समोर आपटलं. "गच्च भरते ते माझ्या मनानं व्हय? दर सोमवारी साहेब येऊन बघत्यात. एक जरी मॅगझिन रिकामी निघाली तर सही करत न्हाईत."

रजिस्टरमध्ये दर सोमवारी दादासाहेबांच्याच अक्षरात शेरा होता: 'मॅगझिन चाळीस. सर्व भरलेल्या. समाधानकारक.'

बुधवारी मीटिंगमध्ये मी रिपोर्ट वाचला. "मॅगझिन भरून ठेवल्यामुळे स्प्रिंगा गेल्या. भरून ठेवण्याचा आग्रह अध्यक्षांचा. रिकाम्या ठेवा हे आर्मररनं सांगायला हवं होतं, त्यानं सांगितलं नाही. स्टोअरकीपरनं हुकूम पाळला."

दादासाहेब उठले. छतावरच्या दोन पाली खाली पडल्या. "मी हे लिहायला सांगितलं होतं?"

"न्हाई."

"मग खोड ते! नवा स्टोअरकीपर म्हणून भाच्याचं नाव घाल खाली."

"खोडत न्हाई. मला काढायचं तर काढा, पण या बाईच्या नावावर ही चूक मी लिहिणार न्हाई."

"कुणाच्या बाजूचा हायेस बे तू?"

"स्प्रिंगच्या."

मी बंदूक त्यांच्याच हातात दिली. दोन मॅगझिनी. एकीत जुनी स्प्रिंग, एकीत नवी, गोळ्या दोन्हींत शंभर. बाहेर पत्र्याचा डबा टांगला. सभासद मोठ्यानं मोजत होते. जुनी एकसष्टला थांबली. नवीनं अठ्ठ्याण्णव सोडल्या. शेवटच्या एक-दोन तोंडाशी राहतातच, तो मॅगझिनचा स्वभाव आहे. डब्याची चाळणी झाली म्हणणार होतो, पण खरं सांगतो, दादासाहेबांचा नेम असा की डब्याला एकच लागली.

सगळे एकदम असे हसले की पत्रा हलला. मग सगळ्यात म्हाताऱ्या सभासदानं विचारलं, "आता भाच्याला घेऊन काय नवी स्प्रिंग येणार हाय का?" बाईंना काढायची गोष्ट तिथंच बारगळली. सखरबाई राहिल्या. मीही राहिलो, कारण मला काढायची आठवण कुणाला झाली नाही.

स्प्रिंगा बदलल्या. रविवारी अकॅडमीची पोरं परत आली आणि तळ्यात दिवसभर नुसता कडकडाट.

एवढ्या वर्षांच्या फिटरकीतून सांगतो, तपासणीत जे चांगलं दिसतं ते कामाला चांगलं असतंच असं नाही. आणि यंत्राला विचारून लिहिलेला रिपोर्ट साहेबाला आवडत नसतो.

सोमवारी दादासाहेब सवयीनं स्टोअरच्या दारात आले. खिशातून पेन काढलं. "किती भरल्यात?"

सखरबाईंनी मान वर केली नाही.

"एक बी न्हाई."