कोरे चौकोन

निगडीच्या घरातून निघाले त्या दिवशी आईने माझ्या तळहातावर दही-साखर ठेवली. दही थंडगार होतं, साखर अजून विरघळली नव्हती, दाताखाली करकरत होती. ती चाटून घेताना क्षणभर वाटलं, मी परदेशी नव्हे, परीक्षेला निघाले आहे. बाबा दाराच्या चौकटीला टेकून उभे होते. आयुष्यभर गणित शिकवलेला माणूस. निवृत्तीनंतर घरीच स्पर्धा परीक्षांचे वर्ग घेणारा. निरोपाचं बोलणं त्यांना कधी जमलं नाही. आपल्या वर्गातल्या मुलांना परीक्षेच्या आदल्या दिवशी जे सांगत, तेच त्यांनी मला सांगितलं.

"घाई करायची नाही, मुक्ता. खात्री असेल तेवढंच लिहायचं. शंका आली की कोरं सोडायचं. एक चुकीचं उत्तर बरोबरचेही गुण घेऊन जातं."

"अहो, ती पेपराला नाही निघालेली, संसाराला निघालीय!" आई चिडून म्हणाली.

"मग? वेगळं काय सांगू?"

समीर, माझा नवरा, दोन वर्षांच्या रेवाला कडेवर घेऊन लिफ्टपाशी थांबला होता. लिफ्टचं दार मिटताना बाबांचा चष्मा तेवढा चमकला. मी हात हलवला नाही. मुठीत दह्याचा ओलावा होता, तो निसटेल असं उगाच वाटत होतं.

बाबांच्या त्या वाक्याचं मूळ अगदी व्यवहारी होतं. त्यांच्या मुलांना ज्या परीक्षा द्यायच्या असत, त्यांत चुकीच्या उत्तराला गुण कापले जात. रविवारी सकाळी आमच्या बाहेरच्या खोलीत सराव चाले: सतरंजीवर मांडी घालून बसलेली मुलं, नुकत्याच तासलेल्या पेन्सिलींचा लाकडी वास, कागदावरचे गोल काळे करतानाची बारीक खसखस. मी आतल्या खोलीत कविता वाचत असे. त्या परीक्षा मला कधीच द्यायच्या नव्हत्या. तरी भिंतीपलीकडून येणारं ते वाक्य माझ्यात इतकं मुरलं की आधी ते मला शहाणपण वाटू लागलं, आणि पुढे चक्क सभ्यता.

समुद्रापारच्या टाकानिनी नावाच्या उपनगरात राहायला आलो तेव्हा आमची गल्ली अर्धीच बांधून झाली होती. सकाळ उजाडे ती खिळे ठोकणाऱ्या यंत्रांच्या आवाजाने. ओल्या पाइनच्या लाकडाचा गोड-तुरट वास थेट उशीपर्यंत येई. समीरचं सॉफ्टवेअरचं काम लगेच सुरू झालं. माझ्याजवळ काय होतं? मराठी कवितेतली एम. ए., चिंचवडच्या कॉलेजात शिकवलेली काही वर्षं, आणि शेवटच्या बाकापर्यंत सहज पोहोचणारा आवाज. तो आवाज इथे कोपऱ्यावरच्या डेअरीच्या काउंटरपर्यंतही पोहोचेना. साधं दूध मागितलं तरी समोरचा कान पुढे करी. हळूहळू मी नुसतं बोट दाखवू लागले. शेजारणीने बार्बेक्यूला बोलावलं. काय न्यायचं, किती वाजता निघायचं, नक्की ठाऊक नव्हतं, म्हणून गेलेच नाही. शाळेच्या फाटकापाशी इतर आया माओरीतला नमस्कार, 'किया ओरा', म्हणत; उच्चार चुकेल या भीतीने मी फक्त मान लववी. शंका आली की कोरं. मागे देशात राहिलेल्या तुम्हां सर्वांना मी फोनवर सांगत असे, इथे सगळं कसं शांत आहे. ती शांतता बरीचशी माझीच होती.

घरात मात्र माझा आवाज शाबूत होता, आणि तो रेवाच्या वाट्याला येई. तिला मराठी सगळं समजे. ती बोलू लागली की मी लाडाने, पण न चुकता, तिचं प्रत्येक वाक्य दुरुस्त करी. कवितेत वाढलेल्या बाईला तिरका पडलेला शब्द सहन होत नाही. काही दिवसांनी तिची उत्तरं इंग्रजीतून येऊ लागली. इथल्या सगळ्याच मुलांचं असं होतं, असं म्हणून मी तो विषय मिटवला.

ती शाळेत रुळली तेव्हा मला त्याच शाळेत मदतनीस शिक्षिकेचं काम मिळालं. तिथे दर आठवड्याला एक स्पीच थेरपिस्ट येई. बोलताना अडणाऱ्या मुलांसमोर ती आरसा धरी, आणि 'स'मधला वारा आणि 'श'मधला वारा त्यांच्याच तळहातावर त्यांना जाणवून देई. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. ज्या ध्वनींवर मी जन्मभर नुसतंच प्रेम केलं, ते इथे कोणाच्या तरी उपयोगी पडत होते. मला हेच व्हायचं होतं.

त्यासाठी पुन्हा पदवी घेणं आलं, चाळिशीच्या उंबरठ्यावर. विद्यापीठाने माझी पुण्याची गुणपत्रकं तपासून भाषाशास्त्राची क्रेडिट्स मान्य केली. पहिल्या वर्षाचे तीन विषय तरी उरलेच: मानसशास्त्र, संख्याशास्त्र आणि ह्युमन बायॉलॉजी. ते वर्षभर वर्गात बसून करायचे, नाहीतर एक स्वतंत्र संस्था घेते त्या विषयवार परीक्षा द्यायच्या. सगळ्यांना एकाच धाटणीचा पेपर; पास झालात की त्या विषयाची क्रेडिट्स विद्यापीठात वळती होतात. तिन्ही मिळाली तर थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश. एक जरी राहिलं तर दुसऱ्या वर्षाची जागा रांगेतल्या पुढच्या माणसाला, आणि मी पुन्हा पहिल्या पायरीवर. एकदा ती जागा गेली तर पुन्हा एवढा धीर गोळा करता येणार नाही, हे मला आतून ठाऊक होतं. समीर वातावरण हलकं करायला म्हणे, "सेकंड इयरला गेलीस की कँटीनमध्ये मला ओळख दाखवशील ना?" मी हसत नसे.

पहिले दोन विषय सुटले. बायॉलॉजीच्या दिवशी मी स्वतःच्याच हाताने स्वतःच्या तळहातावर दही-साखर ठेवली. दुकानातलं घट्ट, आंबटपणा नसलेलं दही. परीक्षेची खोली गालिच्याच्या आणि भिजलेल्या जाकिटांच्या वासाने कोंदलेली. पेपर संगणकावर होता. पडद्याच्या कडेला प्रश्नांचे छोटे चौकोन. उत्तर दिलं की चौकोन हिरवा होई, नाहीतर पांढरा राही. जे पक्कं येत होतं ते मी एकेक करून हिरवं केलं. जिथे दोन पर्यायांमध्ये मन हेलकावे घेऊ लागलं, तिथे हात आखडता घेतला. शेवटी पडद्यावर सूचना आली: काही प्रश्न सोडवलेले नाहीत, तरीही संपवायचं का? वेळ शिल्लक होता. मी, खरं सांगते, थोड्या अभिमानानेच 'हो' दाबलं. न येणाऱ्याला हात लावला नाही, याचा तो अभिमान होता.

थोडक्यात नापास झाले.

विद्यापीठात प्रौढ विद्यार्थ्यांना सल्ला देणारी अरोहा नावाची माओरी बाई होती. भरघोस केसांची, आवाजात ऊब असलेली. "किया ओरा, मुक्ता," म्हणून तिने खुर्ची पुढे सरकवली, माझा निकाल उघडला आणि तिच्या भुवया वर गेल्या.

"इतके कोरे? हे तर हीप्स आहेत, ढीगभर! बरं नव्हतं का त्या दिवशी?" तिने इंग्रजीत विचारलं.

"बरी होते."

"मग वेळ संपला?"

"नाही. वेळ उरला होता. खात्री नव्हती म्हणून सोडले. गुण कापले जाऊ नयेत म्हणून."

मग अगदी हळू, जणू मला लागू नये अशा बेताने म्हणाली, "पण इथे गुण कापत नाहीत. पहिल्याच पानावर लिहिलेलं असतं."

ते पान मी वाचलं नव्हतं. ते मला पाठ आहे, अशी माझी समजूत होती. फक्त ते दुसऱ्या देशातलं पान होतं. अरोहा पुढे बोलत होती: परीक्षा पुन्हा देता येईल, पण एकदाच. सत्र सुरू होण्याच्या आत निकाल लागला तर जागा माझी. नाहीतर नाही.

दुपारी मी निगडीला फोन लावला. तिथे सकाळ होती. मागे कुकरची शिट्टी, वर्तमानपत्राची सळसळ. बाबांना सगळं सांगितलं. सांगताना आवाजात नको होती ती धार आली. "तुम्हीच सांगत होता ना, कोरं सोड म्हणून?"

पलीकडे कागदाची सळसळ थांबली. मला वाटलं, दुखावले. मग बाबांचा वर्गातला आवाज आला.

"तिथे चुकीला दंड नाही?"

"नाही."

"अजिबात नाही?"

"नाही म्हटलं ना, बाबा."

"मग कोरं सोडलंस कशाला, वेडे! अगं, दंड होता म्हणून मी ते सांगत होतो. नियम बदलला की गणित बदलतं. दंड नसताना पेपर कोरा सोडणं म्हणजे शुद्ध आळस. आणि तू संख्याशास्त्रात पास झालीस म्हणतेस? कसं केलं त्यांनी तुला?"

मागून आई ओरडली, "अहो, पोरीला आधी जेवलीस का ते विचारा!"

फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून बराच वेळ उभी राहिले. बाहेर, आता पुढच्या गल्लीत, यंत्रं लाकडात खिळे ठोकत होती. जे मी संस्कार म्हणून उराशी धरून समुद्रापार आणलं, ते बाबांच्या लेखी साधा हिशेब होता. एका परीक्षेपुरता, एका नियमापुरता. आणि मी त्यावर वर्षं काढली होती. डेअरीचा काउंटर, शेजारणीचं अंगण, शाळेचं फाटक, सगळीकडे माझे पांढरे चौकोन पडून होते.

फेरपरीक्षेच्या दिवशी मोटरवेवर पाऊस तिरका झोडपत होता. समीरने मला परीक्षेच्या दारापाशी सोडलं. या वेळी पहिलं पान वाचलं, प्रत्येक ओळीवर बोट ठेवून. मग येत होतं ते सारं सोडवलं. चौकोन हिरवे होत गेले आणि अखेर ते उरलेच: पांढरे, विखुरलेले. घड्याळ पडद्याच्या कोपऱ्यात वितळत होतं. आता अंदाजाने उत्तर द्यायचं होतं, आणि माझं बोट हलेना. तुम्हाला हे हास्यास्पद वाटेल. माउसवर ठेवलेलं बोट, दंड नाही हे ठाऊक असलेलं डोकं, आणि मधे कुठेतरी अडलेला हात.

प्रश्न होता, जिभेची हालचाल कोणता मज्जातंतू घडवतो. दोन लांबलचक नावं, दोन्ही ओळखीची, दोन्ही निसटणारी. मी तोंड मिटून आतल्या आत 'ळ' म्हटला. जीभ मागे वळली, टाळूला टेकली, सुटली. तिला नाव ठाऊक नव्हतं, तरी ती वळली होती. मी एका नावावर बोट दाबलं. चौकोन हिरवा झाला. काही कोसळलं नाही. दुसरा दाबला. तिसरा. शेवटची सूचना या वेळी आलीच नाही. विचारायला एकही कोरी जागा उरली नव्हती.

त्यांतले कोणते अंदाज बरोबर ठरले, ते मला कधीच कळणार नाही. त्या परीक्षा फक्त बेरीज सांगतात. निकालाची वाट पाहताना घरात कोणी मोठ्याने भांडं ठेवलं तरी मी दचके. सत्र तोंडावर आलं होतं. मग एका दुपारी, मी रेवाचे टॉग्ज, म्हणजे पोहायचे कपडे, आणि टॉवेल पिशवीत भरत असताना, अरोहाचा फोन आला. क्रेडिट्स वळती झाली होती. जागा माझी होती. "किया ओरा, अरोहा," मी म्हटलं, पहिल्यांदाच, मोठ्याने. इथे हे शब्द आभारासाठीही चालतात, असं ऐकून होते. खात्री नव्हती.

निगडीला व्हिडिओ कॉल लावला तो रेवाने. बाबांचा अर्धा चेहरा आणि बाकीचा पंखा दिसत होता. "हाय आजोबा," ती म्हणाली, आणि मग थांबली. तिने माझ्याकडे चोरटी नजर टाकली. ती नजर मी ओळखली. तेच हेलकावणारं मन, तोच आखडता हात. इतकी वर्षं या घरात प्रत्येक चुकीला गुण कापणारी मीच होते, आणि माझी मुलगी शहाण्यासारखी पेपर कोरा सोडत होती.

पिशवीची चेन लावत राहिले.

"आजोबा, आई..." तिने शब्द शोधला, सापडला नाही, तिने दुसराच उचलला. "आई मोठी झाली. आता ती सेकंड इयरमध्ये."

दुरुस्ती माझ्या ओठांपर्यंत आली होती. मी ती गिळली.

"पैकीच्या पैकी!" पलीकडून बाबा गरजले.

तिथे राहिलेले तुम्ही मला नेहमी विचारता, आता घर कोणतं? माझ्यासारखे निघून आलेले तर विचारतही नाहीत. एकमेकांकडे पाहून हसतात. इतके दिवस मी उत्तर देत नव्हते, कारण खात्री नव्हती. खात्री अजूनही नाही. तरी सांगते. चुकलेला शब्दही जिथे कोणीतरी पुढे होऊन झेलतं, ते घर. त्या दिवशी ते निगडीतही होतं आणि टाकानिनीतही, मधे समुद्र होता एवढंच.

रेवाने फोन दोन्ही हातांत घट्ट धरला होता. "आणि आजोबा, ऐका ना," ती म्हणाली, आणि पुढचं वाक्य जुळवू लागली.