सरड्यासाठी भाजलेली माती

बायको गेल्यावर लेकीनं मला टाकव्याहून कुसगावला आणलं. तिच्या घरात काचेच्या पेटीत एक सरडा होता. आपल्या बांधावरचा नव्हे, परदेशी जातीचा, हातभर लांब, कागदपत्रं करून घेतलेला. बायको आजारपणात लेकीकडंच होती. दुपारभर तो तिच्या मांडीवर पडून असायचा. मी भेटायला गेलो की म्हणायची, "तुमच्यासारखाच हाय. बोलत न्हाई, नुसता टकामका बघतो." मी त्याला कधी हात लावला नाही. किळस यायची, खोटं कशाला सांगू.

ती गेली आणि महिन्याभरात त्याच्या अंगावर खसखशीएवढे लाल किडे झाले. पेटीत घालायला नर्सरीतून आणलेल्या मातीतून आले, असं डॉक्टर म्हणाले. औषध केलं, पेटी धुतली, खाली कागद अंथरला. पण लेक कंटाळली होती. "आबा, नोकरी करू का ह्याचे किडे वेचू? पुन्हा झाले तर देऊन टाकते. पुण्यात एक जण न्यायला तयार आहे."

"कागदावर त्याला उकरता येत न्हाई. बिनकिड्याची माती मी करतो," म्हणालो. बायकोचा लळा लागलेलं जनावर घरातून जाऊ द्यायचं नव्हतं मला. तसं तोंडानं बोललो नाही.

किडा कसा मारायचा हे मला कोणी शिकवायला नको. जन्मभर भाताच्या रोपांसाठी राब भाजले. शेण, पाला, गवत पसरायचं, वर मातीचा थर द्यायचा आणि पेटवायचं. तण जळतं, किडाही जळतो. अंगणात तसाच हातभर राब भाजला. निवल्यावर माती चाळून पेटीत ओतली.

संध्याकाळपर्यंत सरड्यानं डोळे मिटले. सारखा शिंकत होता. लेक कामावरून आली, मातीत बोट घातलं.

"आबा, ही तर राख आहे!"

"राख वाईट असती व्हय? रोपं कशी तरारतात तिच्यावर!"

"त्याच्या पेटीत रोपं लावायचीत का?"

राबाची माती उगवण्यासाठी भाजतात. ह्या मातीत काही उगवायचं नव्हतं. एका जिवानं तिच्यावर नुसतं सुखानं पडायचं होतं. असली माती मी आयुष्यात केली नव्हती.

तिनं त्याचे डोळे कोमट पाण्यानं धुतले, डॉक्टरांना फोन करून माती कशी करायची ते विचारून मला सांगितलं. "आता शेवटचं, आबा."

ह्या खेपेला खत-फवारा न लागलेली बांधाची माती आणली. खडे, मुळं काढली. पाण्याचा हबका मारून घमेल्यात भरली, वर ताट झाकून चुलीवर मंद जाळावर ठेवली. वाफ तळापासून वरपर्यंत येईस्तोवर हलवत बसलो. धुरापाशी डोळ्यांना पाणी येतंच, त्यामुळं कोणी काही विचारलं नाही. मग धुतलेल्या चादरीवर पसरून वाळवली. मूठभर पांढऱ्या बशीत ठेवून दोन दिवस पाहिली. काही हललं नाही.

पेटीत घातल्यावर सरडा अर्धा दिवस कोपऱ्यात बसला. मग उकरायला लागला, माती काचेवर उडवत. लेकीनं आठवडाभर रोज त्याच्या काखा तपासल्या. रविवारी पुण्याच्या माणसाला फोन लावला. "नाही देत. आमचे आबा सांभाळतात त्याला."

मला कोणी विचारलं नव्हतं! तरी दुसऱ्या दिवशी त्याची शी काढायला पेटीत हात घातला, तर मनगटावर चढला आणि तिथंच बसला. पेटीतल्या दिव्यानं त्याचं अंग गरम झालं होतं. लेक चहा घेऊन आली तरी मी हात काढला नव्हता.